पुस्तकांच्या आधी पाइप

ग्रंथालयाची फरशी अजून बसलेली नाही. कोब्यात दोन पाइप शेजारी, पण अंतर राखून धावतायत: एकातून वीज जाणार, दुसऱ्यातून नेटवर्कची केबल. पाइप गच्च भरायचा नाही, कारण आणखी एक केबल ओढायची वेळ येतेच. स्मार्ट ग्रंथालयाचं निम्मं काम याच टप्प्यावर उरकतं आणि खर्चाला कात्रीही नेमकी इथेच लागते. तसं करू नये. बसलेली फरशी पुन्हा फोडणं फार महागात पडतं.

आता हा आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी पुस्तकाची ओळख सांगणारी चिकटपट्टी, जवळून पाहा. मधे बारीकशी चिप, भोवती अँटेनाचे वेढे. बॅटरी नाही. टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रीडरच्या, चुंबकीय क्षेत्रातूनच त्याला ऊर्जा मिळते, वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्झ. मलपृष्ठाच्या आतून, बांधणीच्या कडेला तो चिकटवला जातोय. हात बघा: एका पुस्तकात खाली, पुढच्यात मधे, त्यापुढच्यात वर. सगळे एकाच उंचीवर लावले, तर पातळ पुस्तकं शेजारी आली की टॅगवर टॅग येतो, अँटेना एकमेकींना बाधतात आणि पुस्तक रॅकवर असूनही रीडरला सापडत नाही. मुखपृष्ठावर धातूचा मुलामा असेल, तर तोही आड येतो.

धातूचा त्रास फर्निचरलाही चुकत नाही. या देवघेव काउंटरचा वरचा भाग लाकडी आहे, कारण रीडरची अँटेना त्याच्याखाली बसते. पोलादी पत्र्याखालून ती काही वाचणार नाही. सुतार आणि नेटवर्कवाला एकाच नकाशावर काम करत असले, तरच हे वेळेत लक्षात येतं.

रॅकच्या गल्लीत पाऊल पडताच दिवा लागला. हा सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. गल्लीत तो उत्तम. वाचनाच्या टेबलावर मात्र लावू नये: वाचण्यात गढलेला माणूस हलत नाही आणि दिवा विझतो.

ग्रंथपडताळणी सुरू आहे. हातातला रीडर पुस्तकांच्या कण्यांवरून सरकतोय, पडद्यावर दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाने प्रत्येक पुस्तकाला दिलेले क्रमांक, उमटतायत. चुकीच्या रॅकवरचं पुस्तक... हे सापडलं. पूर्वी यासाठी प्रत्येक पुस्तक हातात घ्यावं लागे. वाचलेला वेळ आता वाचकांच्या वाट्याला येतो.

टॅगमध्ये असतो तो पुस्तकाचा क्रमांक. सभासदाचं नाव त्यात कधीही भरू नये.