उत्क्रांतीला वर जायची घाई नसते
(बडोद्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सातचं व्याख्यान बडोद्यात सव्वासातला सुरू होतं, हे धरूनच विषय आटोपशीर घेतलाय: ‘उत्क्रांती’ हा शब्द नेमका कुठे वापरायचा. पण आधी जरा तक्रार.

सगळा घोटाळा त्या ‘उत्’चा. उत्कर्ष, उन्नती, उत्थान; मग उत्क्रांतीनंही वरच चढलं पाहिजे, असं आपण धरून चालतो. गीतेचा पंधरावा अध्याय निम्म्या सभागृहाला पाठ असेल. ‘यच्चाप्युत्क्रामतीश्वरः’ आठवा. तिथे जीव शरीर सोडून निघालाय. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे प्राण निघून जाणं हाही अर्थ आहे, आणि ‘मोबाइलची उत्क्रांती’ असा मथळा दिसला की मला तोच अर्थ जवळचा वाटतो. संक्रांतही याच ‘क्रम्’ धातूची, पण पतंगांकडे वळलो तर बडोद्यात व्याख्यान तिथेच संपेल.

आपले गुजराती शेजारीही ‘उत्क्रांती’च म्हणतात. इंदूरकडची मुलं हिंदी पुस्तकात ‘जैव विकास’ शिकतात. तिथे तर ‘विकास’ शब्दातच बढती मिळून गेली! खुद्द डार्विन सावध होता. त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाच्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम नाही. पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द तेवढा ‘इव्हॉल्व्ड’. नाम आलं १८७२च्या सहाव्या आवृत्तीत.

आता प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांमधलं डॅफ्नी मेजर हे चिमुकलं बेट घ्या. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य तिथल्या फिंच पक्ष्यांना कडी घालून, मोजमापं घेऊन ठेवत होतं. १९७७मध्ये पाऊस पडला नाही. मऊ, बारीक बिया आधी संपल्या. उरलं काय, तर आपल्या सराट्याच्याच कुळातलं काटेरी फळ. अनवाणी सराटा रुतलेल्यांना ते किती टणक ते सांगायला नको. ते फोडायला चोच खोल लागते, म्हणजे बुडाशी वरून खाली जाड. बारीक चोचीचे पटापट मेले. त्या जातीचे शंभरातले जवळपास पंच्याऐंशी पक्षी गेले. पुढच्या पिढीची चोच सरासरीनं सुमारे अर्ध्या मिलिमीटरनं जास्त खोल निघाली.

इथे नीट बघा. एकाही पक्ष्याची चोच उपाशीपोटी वाढली नाही. फरक आधीपासून होता, तो आईबापांकडून पिलांत उतरत होता, आणि दुष्काळानं निवड केली. बदलला तो थवा. मग १९८३मध्ये एल निन्योमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्यामुळे, तिथे धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि त्यापुढच्या वर्षांत पारडं लहान चोचींकडे झुकलं. मग ही काय अवनती म्हणायची? गुहेतल्या आंधळ्या माशांचे डोळे गेले, तीही उत्क्रांतीच.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं म्हणतायत, म्हणजे तीन. तर वापर.

लिहिण्याआधी विचारा: बदललं कोण? एकच व्यक्ती असेल तर उत्क्रांती नाही. गायक ‘घडत जातो’, मूल ‘वाढतं’. एका जिवाचं रूप पालटलं, जसं सुरवंटाचं फुलपाखरू, तर रूपांतर. दोन अवस्थांच्या मधला काळ असेल तर संक्रमण. समाजाची घडीच बदलली तर स्थित्यंतर. पिढ्या, वारशानं उतरणारा फरक आणि निवड, तिन्ही असतील तिथेच उत्क्रांती लिहा. यातलं एक जरी नसेल तर साधं ‘हळूहळू बदललं’ लिहा, काही बिघडत नाही.

भाषेची उत्क्रांती म्हणावी का? म्हणता येईल, पिढ्या आहेत, फरक आहेत, निवडही आहे. पण भाषा शेजाऱ्याकडूनही शब्द उचलते, चोच तशी उसनी मिळत नाही. आपलं बडोद्याचं मराठी त्यासाठी उत्तम नमुना होतं, त्याची उदाहरणंही काढून आणली होती. ती आता चहाबरोबर.