चाई पडल्यावर मनाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. डोक्यावर अचानक नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसतो. दुखत नाही, बहुतेकदा खाजतही नाही. ही चाई, डॉक्टरांच्या भाषेत अलोपेशिया एरियाटा. मग जो भेटेल तो सांगतो, "टेन्शन घेऊ नकोस, त्यानेच केस जातात." आज मी या वाक्याशीच भांडणार आहे.

झालेलं असतं असं, की आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतात. शरीर असं स्वतःवरच उलटतं, त्याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. ताणाने काहींचा त्रास वाढतही असेल, पण तुम्ही फार विचार करता म्हणून केस गेले, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. आजार आहेच, वर त्याचा दोषही आपलाच? आणि हो, चाई संसर्गजन्य नाही.

या आजारात मुळं सहसा नष्ट होत नाहीत, म्हणून केस परत येऊ शकतात, कधी आधी पांढरे येतात. ऐकायला छान. पण मन थकतं ते इथेच. आले म्हणून हायसं वाटावं, तर दुसरीकडे नवा चट्टा. एकदाचं रडून मोकळं होता येत नाही. भुवया-पापण्या गेल्या तर आरशातला चेहराच परका वाटतो. "केसच तर आहेत" म्हणणाऱ्यांनी हे कधी अनुभवलेलं नसतं.

उशीवरचे केस मोजणं, सारखा चट्टा चाचपणं, याने धास्ती वाढतेच. त्यापेक्षा महिन्यातून एकदा फोटो काढा, डॉक्टरांनाही तो कामी येतो. लोकांसाठी एक वाक्य तयार ठेवा: "ऑटोइम्यून आजार आहे, कुणाला लागत नाही." आणि विषय बदला. विग लावा, रुमाल बांधा, नाहीतर सगळं सफाचट करा. विग म्हणजे पळवाट, हे मला अजिबात पटत नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात: चाई तीव्र असेल तर बॅरिसिटिनिब हे औषध आहे, अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. पण ते थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात, म्हणून सुरू करण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञांशी हे बोलून घ्या.

झोप उडाली असेल, लोकांत जाणं बंद झालं असेल, तर तेही त्वचारोगतज्ज्ञांना सांगा आणि समुपदेशकाचं नाव मागा. जगणंच नको वाटत असेल तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका, आजच कुणाला तरी सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.