बर्फावरून मागे फिरलेला माणूस

हे चित्र जरा नीट बघा. गोठलेलं पाणी. बर्फ फुटलाय, एक माणूस आत बुडतोय. काठाशी ओणवा झालेला दुसरा दोन्ही हात पुढे करून त्याला वर ओढतोय.

ओढणारा डर्क विलेम्स, नेदरलँड्सचा. जाणत्या वयात, समजून-उमजून बाप्तिस्मा घेणाऱ्या पंथातला. त्यासाठीच कैदेत पडलेला आणि तिथून निसटलेला. बुडणारा माणूस त्याला पकडायला आलेला! डर्क पळून जाऊ शकत होता. तो मागे फिरला. त्याला पुन्हा पकडलं आणि 16 मे 1569 रोजी जिवंत जाळलं.

यान लायकेननं 1685 साली कोरलेलं हे चित्र मेनोनाइट लोकांनी, म्हणजे डर्कच्या पंथाच्या शस्त्र न धरणाऱ्या वारसांनी, जिवापाड जपलंय. अशी माणसं कॉलेज काढतात तेव्हा तिथे काय शिकवतात?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं गोशेन. 1894 साली शेजारच्या एल्कहार्टमध्ये सुरू झालेली संस्था 1903 मध्ये इथे आली, तेच गोशेन कॉलेज. त्याच्या ब्रीदाचा अर्थ असा: सुसंस्कृत व्हायचं ते सेवेसाठी.

ही सेवेची ओढ आपल्या शेजारीही पोचली होती. 1899 मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मेनोनाइट आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला आले. हा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात, राजधानी नागपूर.

बायबलचा तास वेगळा, रसायनशास्त्राचा वेगळा, एवढ्यावरही भागलं असतं. पण 1968 पासून गोशेननं विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी परदेशी धाडायला सुरुवात केली. अर्धा काळ भाषा आणि त्या देशाचा अभ्यास, अर्धा काळ सेवा, मुक्काम तिथल्याच कुटुंबात. मला यातली खरी मेख त्या घरातल्या स्वयंपाकघरात दिसते. विशीतला मुलगा पाटावर नाही तर खुर्चीवर अवघडून बसलाय, पाणी मागायला शब्द सुचत नाही, आणि घरातली चिमुरडी त्याला तो शब्द शिकवतेय. सेवा करायला निघालेल्याला आधी घ्यायला शिकावं लागतं. व्याकरण आणि नम्रता तो एकाच बैठकीत शिकतो.

श्रद्धा अभ्यासात उतरली की ती मैदानावरही येतेच. अमेरिकेच्या राष्ट्रगीतात रॉकेट आहेत, बॉम्ब आहेत. शस्त्र न धरणाऱ्यांनी ते वाजवावं का? 2010 मध्ये कॉलेजनं सामन्यांआधी ते वाद्यांवर वाजवायला सुरुवात केली आणि 2011 मध्ये थांबवायचं ठरवलं. टीका दोन्हीकडून झाली. मला त्यांची ही ओढाताण फार प्रामाणिक वाटते.

उपासनेत मात्र जुन्या रीतीचं गाणंही ऐकू येतं. वाद्य नाही. चार वेगवेगळे स्वर, आणि शेजारच्याचा सूर कानात ठेवून लावलेला आपला.