रिकाम्या रिंगणातली मैफल

श्रोतेहो, नमस्कार.

परभणीत आमचं तिघांचं एक भांडण 2006 सालापासून चालू आहे. आमच्यातला एक लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. दुसरा गंगाखेडकडचा, भजनी मंडळात पखवाज वाजवतो. तिसरा मी, नुसता ऐकणारा. भांडण आहे पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या रॉक बँडच्या मैफलींचं. त्यांच्या ज्या डीव्हीडी निघाल्या, त्यातली श्रेष्ठ कोणती?

1965 साली लंडनमध्ये सुरू झालेला हा बँड परभणीच्या स्टेडियमवर कधी येणार नव्हता. ज्या तबकड्या हाती आल्या त्याच आमच्या मैफली. एकच माणूस तीन वेगवेगळ्या रात्री कसा गायला, हे आपल्याकडे भजनाच्या फडात जितक्या बारकाईनं बोलतात, तितक्याच बारकाईनं आम्ही त्या पाहिल्या.

सुरुवात ‘पल्स’ या डीव्हीडीपासून झाली. लंडनच्या अर्ल्स कोर्टात 1994च्या ऑक्टोबरात बँडचे लागोपाठ कार्यक्रम होते. पहिल्याच रात्री, 12 तारखेला, प्रेक्षकांच्या बसण्याचा एक भाग कोसळला आणि कार्यक्रम रद्द झाला. चित्रीकरण झालं 20 तारखेच्या रात्रीचं. त्याची कॅसेट 1995मध्ये आली, डीव्हीडी मात्र 2006मध्ये. त्या रात्री त्यांनी ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा 1973चा अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. मंचामागे मोठा गोल पडदा, भोवती दिव्यांची रांग. शेवटाकडे, ‘कम्फर्टेबली नम’ या गाण्यात डेव्हिड गिलमोरची गिटार रंगात आलेली असताना, सभागृहाच्या मधोमध आरशांचा एक प्रचंड गोळा वर चढतो आणि फुलासारखा उमलतो.

शूटिंगवाल्या मित्राचं मत तेव्हाच पक्कं झालं, श्रेष्ठ ‘पल्स’च. एवढ्या दिव्यांत, एवढ्या धुरात कॅमेरे लावायचे आणि एकाही वादकाचा चेहरा हरवू द्यायचा नाही, हे काम किती अवघड, हे मांडवाखाली कॅमेरा धरणाऱ्यालाच कळतं. दोष त्यानंच दाखवला. हे चित्रीकरण फिल्मवर झालेलं नाही, व्हिडिओवर झालंय. त्यामुळे मोठ्या पडद्यावर लावलं की चित्र मऊ पडतं. आवाज मात्र खणखणीत. ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीची घड्याळं होम थिएटरच्या सगळ्या स्पीकरांतून एकदम वाजायला लागली, तेव्हा स्वयंपाकघरातून आई काय पडलं म्हणून बघायला आली होती.

‘डेलिकेट साउंड ऑफ थंडर’बद्दल फार बोलत नाही. 1988ची अमेरिकेतली मैफल, फिल्मवर घेतलेली. आमच्याकडे होती ती कॅसेटवरून उतरवलेली, फिकट प्रत. तीच मैफल नव्यानं साफ करून 2019मध्ये निघाली, आणि जुन्या प्रतीवरून आम्ही तिच्यावर अन्याय केला होता हे कळलं.

आता खरं भांडण, पाँपेईचं.

इटलीतलं पाँपेई हे गाव इसवी सन 79मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं दगडी पायऱ्यांचं एक उघडं रोमन रिंगण अजून उभं आहे. 1971च्या ऑक्टोबरात दिग्दर्शक एड्रियन मेबननं फिल्म काढायला या बँडला तिथं नेलं. भर उन्हात, धुळीत, सगळं सामान मांडलं. समोर प्रेक्षक एकही नाही. पखवाजवाला मित्र पहिल्यांदा पाहताना अस्वस्थ झाला. “कोणासाठी वाजवायलेत हे?” त्याला माणसांसमोर वाजवायची सवय. टाळ उचलणारे हात समोर नसतील तर लय चढणार कशी, हा त्याचा प्रश्न होता.

तेवढ्यात लाईट गेली. ‘एकोज’ हे गाणं मध्यावर आलं होतं. लोडशेडिंगचे दिवस, त्यामुळे वेळापत्रक पाहून बसलो होतो, तरी गेली. अंधारात बसून मी त्यांना एक गोष्ट सांगितली. पाँपेईत पोचल्यावर या लोकांनाही पुरेशी वीज मिळाली नव्हती. शेवटी गावाच्या नगरपालिकेच्या इमारतीतून रस्त्या-रस्त्यानं लांबच लांब केबल ओढत रिंगणापर्यंत आणली, तेव्हा कुठं वाद्यं बोलू लागली. हे ऐकल्यावर पखवाजवाला बराच वेळ काही बोलला नाही. आकडा नाही, जनरेटर नाही, वाजवणारी माणसं केबलची वाट पाहत बसलेली, हे चित्र त्याच्या ओळखीचं होतं.

वीज आली, पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी शूटिंगवाल्यानं पकडलं. “थांबव. याची दाढी कुठं गेली?” कीबोर्डवरच्या रिचर्ड राइटला उन्हात दाढी आहे, पुढच्या गाण्यात गाल गुळगुळीत. कारण पाँपेईत तीनच गाणी घेतली गेली, बाकीची पॅरिसच्या स्टुडिओत नंतर. लग्नाच्या कॅसेटमध्ये हळदीचा शॉट वरातीनंतर लागला तर तो जसा चिडतो, तसाच चिडला. 2003च्या डीव्हीडीत दिग्दर्शकानं मध्ये मध्ये संगणकावर बनवलेली चित्रं घातली आहेत. ती मलाही आवडत नाहीत. त्याच तबकडीवर तासाभराची मूळ फिल्मही आहे, ती पाहावी.

मी पाँपेईच्या बाजूचा आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, दगडी फासळ्यांच्या त्या छताखाली, कुणी एक स्वर लावला की तो बराच वेळ आपल्याभोवती राहतो. गर्दी असेल तर तो ऐकू येत नाही. पाँपेईत दोन स्वरांमधली जागा ऐकू येते. ‘पल्स’मध्ये ती जागा टाळ्यांनी भरलेली आहे. त्या टाळ्यांवर माझा राग नाही, पण मला ती जागा हवी असते. शिवाय पाँपेईत बँडचा बास गिटारवादक आणि गायक रॉजर वॉटर्स आहे. तो 1985मध्ये बाहेर पडला, त्यामुळे ‘पल्स’मध्ये नाही.

पखवाजवाला माझ्या बाजूला आला तो एका काठीमुळे. ‘वन ऑफ दीज डेज’मध्ये कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ ड्रमवादक निक मेसनवर आहे, कारण इतरांच्या चित्रीकरणाची रिळं हरवली. वाजवता वाजवता त्याच्या हातून एक काठी सुटते. तो तिच्याकडे बघतही नाही. एका हातानं लय धरून ठेवतो, दुसरा हात दुसरी काठी उचलतो. मित्रानं ते तीनदा मागं घेऊन पाहिलं. मग डोळे मिटून चौथ्यांदा लावायला सांगितलं. मांडीवर बोटं चालू होती.

“कुठं सुटली, कानाला कळंना,” तो म्हणाला.

पाँपेईची ही फिल्म पुन्हा स्वच्छ झाली, 2025च्या एप्रिलमध्ये मोठ्या पडद्यांवर लागली. नवा आवाज आला आहे, तेव्हा आमचं भांडणही नव्यानं सुरू आहे. आता तोच तुकडा लावतो आहोत. काठी कुठं सुटते ते डोळे मिटून ऐका.