नऊशेचे हजार

पुण्यातली गुलटेकडी, मार्केट यार्ड. पहाटेचे चार. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणं चालू आहे. टेम्पोच्या आडोशाला एक मावशी सावकाराकडून घेतलेल्या नोटा मोजताहेत. नऊशे रुपये. संध्याकाळी याचे हजार करून द्यायचे. ना कागद, ना सही, ना जामीन.

दिवसाला शंभर म्हणजे महिन्याचे तीन हजार, तेही नऊशेच्या मुदलावर. मावशींना हे कळत नाही असं समजू नका. त्यांचा तोंडी हिशेब तुमच्या-आमच्या मोबाईलच्या पुढे धावतो. पण बँक उघडते दहाला. तोवर त्यांची निम्मी मेथी विकून झालेली असते.

पुण्याला बँकांचा तोटा कधीच नव्हता. बँक ऑफ महाराष्ट्र इथलीच, 1935 सालची. सहकारी बँका तर पेठेपेठेत. फक्त त्यांच्या फॉर्मवर ‘व्यवसायाचा पत्ता’ नावाची एक ओळ असते, आणि फुटपाथला घर नंबर नसतो.

ही ओळ ओलांडायला बायकांनीच वाट काढली. मुंबईत 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांची लेक मेधा पुरव-सामंत, स्वतः बँकेत अधिकारी राहिलेल्या. 1993 मध्ये त्यांनी पुण्यातल्या वस्त्यांत अन्नपूर्णा परिवाराचं, बायकांच्या गटांना छोटी कर्जं देण्याचं काम सुरू केलं. तारण काय? तर गटातल्या शेजारणी. हप्ता चुकला की दारात वसुलीवाला येण्याआधी समोरच्या घरातली बाई येते. हा दबाव काही गोड नसतो, पण सावकाराच्या तगाद्यापेक्षा बरा.

सरकारला फुटपाथ दिसला तो टाळेबंदीत. जून 2020 मध्ये फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी ही कर्जयोजना आली. विनातारण 10,000, फेड वर्षभरात; वेळेवर फेडलं की 20,000, मग 50,000. 2025 मध्ये पहिली रक्कम 15,000 झाली, दुसरी 25,000. पत्त्याऐवजी पालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र चालतं.

मावशींनी पहिले दहा हजार घेतले, फेडलेही. महिन्याचा हप्ता नऊशेच्या आसपास. हो, तेच नऊशे. सावकाराकडे ते एका दिवसासाठी मिळतात.

मग आज पुन्हा इथे का? दुसऱ्या कर्जातून नवा वजनकाटा घेतला, उरलेले जूनमध्ये पोरीच्या फीला गेले. आणि परवाच्या पावसात अख्खी पालक सडली.

मावशी पाटी डोक्यावर घेतात. मंडईकडे जाणारी रिक्षा भरत आलीय.