गाऊटचा झटका: तीन कॅप्सूल की आठ?

श्रोतेहो, नमस्कार. गाऊट म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांधा अचानक सुजून ठणकणारा आजार. त्याच्या झटक्यावर कोल्चिसिन हे फार जुनं औषध. आपल्या कळलावीच्या कंदातही ते असतं, आणि तो कंद जीवघेणा विषारी आहे हे गावाकडच्यांना सांगायला नको. तरीही जुनी रीत अशी होती, की उतार पडेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत दर एक-दोन तासांनी गोळी घ्यायची. १९८७मध्ये ऑस्ट्रेलियात ती तपासली, तेव्हा गुण आला खरा, पण औषध घेतलेल्या प्रत्येकाला जुलाब किंवा उलट्या झाल्या.

मग कमी डोस पुरेल का? २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत हे पाहिलं. झटका सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत औषध पोटात जायला हवं होतं, म्हणून ५७५ जणांची नावं आधीच नोंदवून ठेवली. त्यांतल्या १८४ जणांनी झटका आल्यावर औषध घेतलं. प्रत्येकाला आठच कॅप्सूल: आधी दोन, मग सहा तास दर तासाला एक. एका गटाच्या आठही खऱ्या, म्हणजे ४.८ मिलिग्रॅम. दुसऱ्या गटाच्या पहिल्या तीनच खऱ्या, १.८ मिलिग्रॅम, बाकी पोकळ, म्हणजे दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. तिसऱ्याच्या सगळ्याच पोकळ. कोणाला काय मिळालं, हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही.

हा तिसरा गट कशाला, असं वाटेल. झटका औषधाविनाही आठ-दहा दिवसांत ओसरतो; त्याचं श्रेय गोळीला जाऊ नये म्हणून. चोवीस तासांत दुखणं निम्म्यावर, तेही दुसरं वेदनाशामक न घेता, ही कसोटी होती. पोकळ कॅप्सूलवालेही शंभरात सोळा उतरले. आठ खऱ्या घेणारे तेहतीस, तीन खऱ्या घेणारे अडतीस. या दोन आकड्यांतला फरक किरकोळ. जास्त औषधानं जास्त गुण आला नाही, एवढंच त्यातून घ्यावं.

जुलाबांचं मात्र वेगळं. आठवाल्यांत शंभरात सत्याहत्तर, तीनवाल्यांत तेवीस, पोकळवाल्यांत चौदा.

पण १८४ माणसांत दुर्मीळ धोके दिसत नाहीत. मूत्रपिंड अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सोबत चालू असेल, तर कोल्चिसिन अंगात साठतं आणि रक्तपेशी, स्नायू यांना इजा करतं. तेव्हा चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट डॉक्टरांना आधी दाखवा.