सोलापूरचे के दिहुआ

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या सोलापुरात भैया चौकात एक घर आहे. महापालिकेनं त्याचं स्मारक केलंय. चीनहून पाहुणे आले की त्यांना हमखास तिथं नेतात, हार घालतात, फोटो निघतात. मी तिथं जाते तेव्हा मला मात्र ते घर म्हणूनच दिसतं. पाच बहिणी, दोन भाऊ, आई-वडील. त्यातला एक मुलगा डॉक्टर झाला, परदेशी गेला आणि परत आलाच नाही. आज मी त्या मुलाबद्दल बोलणार आहे. डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूरचाच. वैद्यकीय शिक्षण मुंबईत, जी. एस. मेडिकल कॉलेजात. पुढचं शिक्षण घ्यायचं मनात होतं. मध्यमवर्गीय घरातला मुलगा डॉक्टर होतो तेव्हा घराचं काय काय पणाला लागलेलं असतं, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळं सांगायला नको. आता कुठं बरे दिवस येणार, असं घर म्हणत असतं.

आणि नेमकं तेव्हाच १९३८ साल उजाडलं. जपाननं चीनवर चढाई केली होती. चिनी सेनानी च्यू ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी देशाला आवाहन केलं, निधी जमला, पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले कोटणीस. आपणच तेव्हा पारतंत्र्यात होतो, आणि पारतंत्र्यातला देश दुसऱ्याच्या जखमा बांधायला माणसं पाठवत होता. मला याचा फार अभिमान वाटतो.

कोटणीसांनी घरी विचारलं. त्यांची बहीण मनोरमाबाई पुढं कितीतरी वर्षं ही आठवण सांगत. चीन म्हणजे काय, घरात कुणाला धड माहीत नव्हतं. चिनी रेशीम विकायला माणसं येतात, एवढीच त्या देशाची ओळख. लेक इतक्या लांब जाणार म्हणून आईचा जीव तुटत होता. तरी घरानं हो म्हटलं. त्या 'हो'ची केवढी किंमत पडली असेल! सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला 'राजपुताना' बोट मुंबई बंदरातून निघाली. तेव्हा त्यांना अठ्ठाविसावं सरत होतं.

चीनमध्ये पाचही जणांनी चिनी नावं घेतली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ'. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. आणि तिथं पोचून काही महिने होतात न होतात तोच घरून बातमी आली, वडील गेले. कोटणीस परतले नाहीत, पथकाबरोबर पुढं येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या तळावर गेले. त्यांचं चुकलं की बरोबर, हे ठरवायचा अधिकार मला वाटतं फक्त त्या घराला होता.

येनानला डोंगर पोखरून केलेल्या गुहांमधून दवाखाने चालत. तिथून ते आघाडीवर गेले, जपान्यांशी लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर, उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात. युद्धातल्या शस्त्रक्रियेत सगळा खेळ वेळेचा असतो. गोळी लागलेल्या माणसाची जखम पहिल्या काही तासांत उघडून, मेलेलं मांस कापून, धुऊन काढली तर पाय वाचतो. उशीर झाला की जखम सडते. मग पाय कापावा लागतो, नाहीतर माणूसच हातचा जातो. म्हणून जखमी आपल्यापर्यंत येईल याची वाट बघायची नाही, डॉक्टरनंच लढाईच्या जवळ जायचं, ही कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांची तिथली शिकवण होती. बेथ्यून स्वतः नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याच मुलखात वारले. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली आणि तिचं विष अंगात भिनलं.

१९४० च्या एका मोठ्या लढाईत कोटणीस बहात्तर तास न झोपता टेबलाशी उभे होते, असं सांगतात. तीन दिवस आणि तीन रात्री. हात थरथरू न देता. ज्यांनी एक रात्र जागून आजारी माणसाची उशाशी बसून सेवा केलीय, त्यांना याचा थोडा अंदाज येईल. पुढं जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यूनांच्या नावानं चालणाऱ्या रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. चिनी भाषा अशी शिकले की त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवत. तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना 'काळी आई' म्हटलं. त्यांना म्हणायचं होतं, सावळ्या रंगाची आई. पण आपल्याकडे काळी आई म्हणजे शेतजमीन, पोटाला घालणारी. ते दोन शब्द वाचले की माझा आवंढा अडतो.

बेथ्यूनांच्या समाधीच्या कार्यक्रमात क्वो छिंगलान या नर्सिंगच्या शिक्षिकेनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं. हा परदेशी माणूस चिनी बोलतो, वर चिनी गाणीही म्हणतो, याचं तिला मोठं नवल वाटलं. १९४१ च्या अखेरीला त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. सेनापती न्ये रोंगचेन यांनी सुचवलेलं नाव.

एव्हाना डॉक्टरांना अपस्माराचे झटके येत होते. इथून बाहेर पडा, नीट उपचार घ्या, असं वरिष्ठांनी सांगून पाहिलं. ते गेले नाहीत. रुग्ण होते, शिकवणं होतं, शस्त्रक्रियेचं एक पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं. ९ डिसेंबर १९४२ ला झटक्यातच ते गेले. वय अवघं बत्तीस. यिनहुआ साडेतीन महिन्यांचा होता. सैन्यानं मदतीचा हात गमावला आणि राष्ट्रानं मित्र, असं माओंनी लिहिलं. ते खरंच आहे. पण त्या दिवशी एका बाळंतिणीनं नवरा गमावला होता, आणि सोलापूरच्या एका आईनं लेक.

छिंगलान बाईंनी सासरचं नातं तोडलं नाही. त्या पुढं कितीदा तरी भारतात आल्या, नणंदांना, दिराला भेटल्या. यिनहुआनं वडिलांचीच वाट धरली, डॉक्टरीला गेला. पण १९६७ मध्ये, पदवी हाताशी आलेली असताना, तोही गेला. नवरा आणि लेक दोघंही डोळ्यांदेखत गेले, तरी ही बाई २०१२ पर्यंत जगली, आणि विचारेल त्याला डॉक्टरांबद्दल सांगत राहिली.

डॉक्टरांची समाधी आता शिच्याच्वांगला आहे, हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत. आपल्याकडे पितृपक्षात पितरांची आठवण करतात, तशी तिकडे चैत्राच्या सुमारास छिंगमिंगच्या दिवशी माणसं थडगी झाडून फुलं वाहतात. त्या दिवशी कोटणीसांच्या थडग्यावर फुलं पडतात. वाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सोलापूर पाहिलेलं नसतं. वर्षातून एकदा, न चुकता, कुणीतरी तो दगड पुसतं आणि त्यावरचं नाव वाचतं, के दिहुआ.

नमस्कार.